रविवारची शाळा आणि बाबासाहेबांचा राहून गेलेला आराखडा

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्यात सुमारे १४ टक्के लोक बौद्ध आहेत. खामगाव, चिखली, मेहकर, लोणार, कुठल्याही तालुक्यात जा, विहार सापडतो. वर्षावासात तिथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. पण एखाद्या पोराने उठून विचारले, "कर्म आणि पुनर्जन्म यांत फरक काय?" तर नीट उत्तर देणारा माणूस दहा गावांत एखादा भेटतो. विहार बांधायला आपण वर्गणी गोळा केली, शिकवणारी माणसे घडवायला मात्र काहीच उभे केले नाही. हे का झाले, हे समजून घ्यायचे तर आपल्याच विदर्भातल्या ख्रिस्ती चर्चचा इतिहास पाहावा लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वऱ्हाडात अलायन्स मिशन काम करत होते. अकोला, खामगाव, मलकापूर ही त्यांची ठाणी. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशन होते. तिथल्या बायबल शाळेच्या पायावर १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. देशभरातले तरुण वसतिगृहात राहून इंग्रजीतून धर्मशास्त्र शिकू लागले. १९८३ मध्ये ही सेमिनरी पुण्यात बिबवेवाडीला गेली. संस्था मोठी झाली, पण गाव आणि वर्ग यांच्यातले अंतरही वाढले. शेतमजुरी करून रविवारी मंडळी चालवणारा माणूस घरदार सोडून पुण्याला कसा जाणार?

हाच प्रश्न जगात इतरत्रही पडला होता. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आले की, शिकायला शहरात आलेले अनेक जण परत गावी जातच नाहीत, आणि गावात खरोखर मंडळी सांभाळणारे प्रौढ, संसारी लोक शिकायला येऊच शकत नाहीत. म्हणून १९६३ साली त्यांनी उलटा मार्ग धरला. विद्यार्थ्याने सेमिनरीत येण्याऐवजी शिक्षक विद्यार्थ्याच्या गावाजवळ जाऊ लागला. भारतात १९७१ पासून बंगलोरच्या टाफ्टी या संस्थेने ही पद्धत रुजवली. विद्यार्थी आठवडाभर कामधंदा सांभाळून घरी पुस्तिका सोडवतो, आठवड्यातून एकदा गट जमतो, आणि मार्गदर्शक भाषण न ठोकता वाचलेल्यावर प्रश्न विचारतो. नोकरी करणाऱ्याला आणि घर सांभाळणाऱ्या बाईलाही शिकता येते. आज ठिकठिकाणी शनिवार-रविवारी जे धर्मसेवकांचे वर्ग चालतात, त्यामागे हाच विचार आहे.

"म्हणजे आता चर्चची नक्कल करायची का?" असे काही मित्र विचारतील. त्यांनी बाबासाहेब वाचावेत. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिताना बाबासाहेबांनी भिक्खू संघावर कठोर टीका केली. भिक्खू थोडे असले तरी चालतील पण उच्चशिक्षित हवेत, आणि त्यासाठी ख्रिस्ती धर्मगुरूंच्या, विशेषतः जेझुइटांच्या पद्धतीतून घेण्यासारखे ते घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९५४ मध्ये ब्रह्मदेशाच्या बुद्ध शासन कौन्सिलला दिलेल्या निवेदनात तर त्यांनी पूर्ण आराखडाच मांडला. गृहस्थ धम्मप्रचारक नेमावेत, ते विवाहित असले तरी चालेल, त्यांना मानधन द्यावे आणि सुरुवातीला ते अर्धवेळ काम करणारे असावेत. त्यांना बौद्ध धम्म आणि इतर धर्मांचा तुलनात्मक अभ्यास शिकवणारी सेमिनरी काढावी. दर रविवारी विहारात सामुदायिक वंदना आणि त्यानंतर प्रवचन व्हावे. या सेमिनरीसाठी म्हैसूरच्या महाराजांनी बंगलोरात पाच एकर जमीनही देऊ केली होती.

तारखा पाहा. ग्वाटेमालाच्या नऊ वर्षे आधी बाबासाहेबांनी संसारी, अर्धवेळ प्रचारक आणि रविवार या तीन गोष्टी एकत्र मांडल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली, त्यांच्या पश्चात छापला गेला. ग्रंथ हाती आला, तो शिकवणारी शाळा राहून गेली.

दुसरा आक्षेप असा येतो की, भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर आणि बौद्धाचार्य शिबिरे आहेतच. आहेत, आणि त्यांनी गावोगावी भटजीशिवाय लग्न लावणारी माणसे दिली, हे मोठे काम आहे. पण काही दिवसांच्या शिबिरात वंदना, विधी आणि शिस्त शिकता येते. ग्रंथाचा अभ्यास, थोडी पाली, इतर धर्मांची ओळख, संविधान, घरात मृत्यू झाल्यावर किंवा पोरगी छळ सोसत असताना त्या कुटुंबाशी कसे बोलावे, हे सारे शिकायला दोन वर्षे लागतात.

चर्चच्या इतिहासातून एक इशाराही घ्यायला हवा. मिशनऱ्यांनी अस्पृश्यांचे धर्मांतर केले पण त्यांच्यातली जात तशीच राहू दिली, असा बाबासाहेबांचा आरोप होता. अभ्यासक्रमात धर्म असेल आणि गावातला अन्याय नसेल, तर शाळेतून नुसते विधी करणारे बाहेर पडतील. आपल्या वर्गात अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि गायरानाचा प्रश्न हे विषय असलेच पाहिजेत.

आम्हाला जे हवे ते अवघड नाही. खामगाव, चिखली आणि मेहकर अशा तीन ठिकाणी महिन्यातून दोन रविवार वर्ग, पेरणी आणि सोयाबीनच्या सोंगणीत सुट्टी, घरी वाचायला पाने, दर सहा महिन्यांनी लेखी परीक्षा. निम्म्या जागा महिलांसाठी, कारण वर्षावासात विहार त्या भरतात आणि माईक पुरुषांच्या हाती असतो. शिकवणाऱ्याला मानधन, कारण ते बाबासाहेबांनीच सांगितले आहे. पुढच्या जयंतीला डीजेसाठी जी वर्गणी निघेल, तिच्यातला चौथा हिस्सा या वर्गांना द्यावा, असा ठराव प्रत्येक मंडळाने आपल्या बैठकीत मांडावा. विरोध झाला तर बाबासाहेबांचे १९५४ चे निवेदन तिथे वाचून दाखवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!