वल्हे की विजेरी?

समुद्रातील टकरी टाळण्यासाठी ब्रिटन व फ्रान्स यांनी १८६३ मध्ये समान नियम लागू केले. मोठ्या जहाजांना डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा दिवा सक्तीचा होता. उघड्या लहान होड्यांना मात्र सवलत मिळाली. एका बाजूस हिरवी व दुसऱ्या बाजूस तांबडी सरकती काच असलेला एकच कंदील त्यांनी बाळगावा आणि टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवावा.

पुढे तेलाची जागा विजेने घेतली. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील २५ वा नियम वल्ह्यांच्या नौकेला पांढऱ्या प्रकाशाची विजेरी अथवा पेटता कंदील हाताशी ठेवण्याची मुभा देतो. वेळेची अट तीच राहिली.

कयाकमध्ये मात्र एकट्याचे दोन्ही हात एकाच दुपाती वल्ह्यात गुंतलेले असतात. विजेरी उचलावी तर वल्हे सुटते, आणि तेही समोरून जहाज येत असताना! ही सवलत, खरे तर, कंदील धरायला दुसरा माणूस असलेल्या होडीलाच शोभणारी. म्हणूनच आज कयाकच्या मागच्या भागात दांडीवर पांढरा एलईडी दिवा बसवतात आणि बॅटरी जलरोधक पेटीत ठेवतात. दिवा पाठीमागे, डोक्याहून उंच. डोळ्यांसमोर आला तर वल्हवणाऱ्यालाच अंधारातले दिसेनासे होते.