पद्मिनीचं वायरिंग बदलायचंय? हार्नेसची ऑर्डर देण्याआधी बॉनेट उघडून बघा

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीचा प्रवास संपला आणि सोशल मीडियावर आठवणींचा पूर आला. पण घरोघरी झाकून ठेवलेल्या पद्मिनी अजून आहेत. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या वडिलांची पहिली गाडी. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की डेंटिंग-पेंटिंग आणि सीट कव्हरवर भरपूर पैसे खर्च होतात. वायरिंगचा विचार होतो तो बहुतेक वेळा डॅशबोर्डखालून जळका वास आल्यावर.

हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायर एकत्र बांधून तयार केलेला जुडगा. गॅरेजमध्ये त्यालाच 'वायरिंगचा सेट' म्हणतात. वायरवरचं प्लास्टिकचं आवरण इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजत राहतं, कडक होतं आणि शेवटी त्याला तडे जातात. जुन्या गाड्यांत फ्यूज मोजकेच असायचे आणि बॅटरीकडून येणारी मुख्य वायर बऱ्याचदा फ्यूजशिवायच असायची. त्या वायरचं आवरण फाटून तांबं बॉडीला टेकलं, तर करंट तोडायला मध्ये काहीच नसतं. मग वायर तापते आणि आग लागू शकते.

सेट गाडीच्या नावावरून घेऊ नका

बाजारात 'पद्मिनीचा सेट' म्हटलं की एक पुडकं पुढे येतं. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रत्येक पद्मिनी सारखी नव्हती. १९६४ च्या फियाट ११०० डिलाइटपासून शेवटच्या काळातल्या एस-१ आणि १३७-डी डिझेलपर्यंत बरंच काही बदललं. शिवाय मधल्या काळात तीन-चार मेकॅनिकांचे हात लागलेले असतात.

सगळ्यात मोठा फरक डायनॅमो आणि अल्टरनेटरचा. जुन्या गाड्यांत चार्जिंगसाठी लांबट, नळकांड्यासारखा डायनॅमो असतो आणि त्याच्यासोबत वेगळा कटआउट, म्हणजे रेग्युलेटरचा डबा. अल्टरनेटर आखूड आणि जाड असतो. तो नंतर बसवलेला असेल तर त्याचा रेग्युलेटर बहुधा आतच असतो. दोघांच्या वायरी वेगळ्या. अल्टरनेटर जास्त करंट देतो, त्यामुळे त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची वायरही जाड हवी. डॅशबोर्डवर चार्जिंग दाखवणारा अँमीटर असेल तर तो सगळा करंट त्यातूनही फिरतो. आरसी बुकावर वर्ष कुठलंही असो, सेट निवडायचा तो बॉनेटखाली आज जे आहे त्यावरून.

वायरची जाडी: खरा घोळ इथेच

जुन्या काळातल्या ४५/४० वॅटच्या हेडलाइट बल्बला अप्परवर दोन्ही मिळून साधारण ७.५ अँपिअर लागतात. आज सर्रास मिळणाऱ्या ६०/५५ वॅटच्या हॅलोजनला १०. हौसेने १००/९० चे बल्ब टाकले की आकडा १६-१७ वर जातो. हे सगळं ओढायचं जुन्याच मापाच्या वायरीतून आणि जुन्याच स्विचमधून!

आता थोडं गणित. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ४ मीटर वायरमधून १० अँपिअर गेले तर वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट गळतात. २ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ०.३५. किरकोळ वाटतं? बल्बचं व्होल्टेज ५ टक्के घटलं की प्रकाश साधारण १६ टक्के कमी होतो. 'जुन्या गाडीचे लाइट मंदच असतात' या समजुतीत मोठा वाटा या गळतीचा आहे. म्हणून हेडलाइट आणि हॉर्नसाठी रिले असलेला सेट घ्यावा किंवा तसा बांधून घ्यावा. जास्तीचा करंट मग स्विचमधून न जाता रिलेमार्गे थेट बल्बला जातो. जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणं हा उपाय नव्हे. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, तो वायरपेक्षा दणकट असेल तर आधी वायरच जळेल.

दुकानात वायर '१४/०.३०' अशी मागतात. म्हणजे ०.३० मिलिमीटरचे १४ तंतू, मिळून १ चौरस मिलिमीटर. २८ तंतू म्हणजे २. टोक सोलून तंतू मोजता येतात. एक तंतू ब्लेडने खरवडूनही बघा. आत पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, तो सेट परत द्या.

तयार सेट की बांधून घ्यायचा?

गाडी मूळ अवस्थेत असेल तर तयार सेट सोयीचा. पण अल्टरनेटर, रिले, म्युझिक सिस्टीम किंवा एसी असेल तर जुन्या वायरमनकडून जुना सेट समोर पसरून नवा बांधून घेणं जास्त शहाणपणाचं, वेळ लागला तरी. मूळ रंगच वापरायला सांगा. सगळीकडे लाल वायर ओढलेली गाडी दुरुस्त करणं ही पुढच्या मेकॅनिकसाठी शिक्षा असते.

जुना सेट कापून भंगारात देऊ नका, हे आधीच बजावून ठेवा. तो काढण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे फोटो काढा, टोकांना चिठ्ठ्या लावा. लांबी आणि फाटे कुठे फुटतात, हे त्याच्याशिवाय कोणीच नीट सांगू शकत नाही. बॅटरीच्या जाड केबल आणि इंजिन ते बॉडीची अर्थिंग पट्टी बहुतेक सेटमध्ये येत नाही, ती वेगळी घ्या. अर्थिंगच्या जागी पेंट खरवडून धातू उघडा करावा लागतो. नव्या पेंटवर ओरखडा नको म्हणून इथेच टाळाटाळ होते आणि मग इंडिकेटर लावला की भलताच दिवा लुकलुकतो.

एक शंका नेहमी येते: वायरिंग बदललं तर गाडीचा 'व्हिंटेज' दर्जा जाईल का? २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी चासी, बॉडी आणि इंजिनात बदल नसावेत अशी अट आहे. वायरिंगचा त्यात उल्लेख नाही.

नवा सेट बसला की बॅटरी लगेच थेट जोडू नका. आधी सगळे स्विच बंद ठेवा आणि बॅटरीचं एक टोक व केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. बल्ब विझलेला राहिला तर पुढे जा. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत बल्ब काढू नका.