१ सप्टेंबर १९४० : शिवाजी पार्क परिसरातील युद्धपूर्व घरे आणि त्यांचा क्रयविक्रय

न्यूयॉर्कसारख्या शहरात दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेले घर विक्रीस निघाले, म्हणजे 'युद्धपूर्व' हा शब्द त्याच्या किमतीत भर घालतो. जाड भिंती, उंच छत आणि जुनी प्रतिष्ठित वस्ती एवढे सारे त्या एका शब्दात ग्राहकास सुचविले जाते. मुंबईत मात्र या शब्दाचा अर्थ प्रथम कायद्यात शोधावा लागतो. ज्या घराचे भाडे १ सप्टेंबर १९४० या दिवशी ठरलेले होते, ते घर पुढील अर्धशतकाहून अधिक काळ एका निराळ्याच अर्थव्यवस्थेत नांदत राहिले. शिवाजी पार्कच्या आसपासची घरे हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीच्या गैरसोयींकडे सरकारला दुर्लक्ष करता येईना. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधार न्यासाने शहराच्या उत्तरेकडील दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव रस्ते व भूखंड पाडून नव्या वसाहतींचा पाया घातला. दादरच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला, १९२५ मध्ये 'माहीम पार्क' हे मैदान खुले झाले. शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त १९२७ मध्ये त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. (त्या वेळी शिवजन्माचे वर्ष १६२७ धरले जात असे. महाराष्ट्र शासनाने पुढे १६३० हे वर्ष स्वीकारल्यामुळे ही त्रिशताब्दी, आजच्या गणनेने, तीन वर्षे आधीच साजरी झाली असे म्हणावे लागते.) सुमारे २८ एकरांच्या या मैदानाभोवती १९३० नंतरच्या दशकात तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. गोलाई घेतलेले सज्जे, खिडक्यांवरील आडव्या पट्ट्या, जिन्यावरील उभी काचेची झडप ही त्यांची लक्षणे त्याच काळात ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह येथे उभ्या राहत असलेल्या इमारतींशी नाते सांगतात. तेथील इमारतींस २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा लाभला. शिवाजी पार्कच्या इमारती त्या यादीबाहेर राहिल्या.

तथापि बाह्यरूपापेक्षा घराच्या आतील रचनेत घडलेले स्थित्यंतर अधिक महत्त्वाचे मानले पाहिजे. गिरगावातील चाळीत खोली, सामाईक गॅलरी आणि टोकाला सार्वजनिक संडास अशी व्यवस्था असे. नव्या इमारतीतील बिऱ्हाडास लोक 'ब्लॉक' म्हणू लागले. त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचकूप ही सर्व एका दाराआड आली. ही सोय सोवळ्याओवळ्याच्या कल्पना बाळगणाऱ्या कुटुंबांस सहज पचणारी नव्हती. म्हणून अनेक इमारतींत शौचकूप मागच्या अंगास ठेवून तेथवर सफाई करणाऱ्यासाठी स्वतंत्र जिना काढलेला आढळतो. समोरची गोलाई आधुनिकतेची, तर मागचा जिना जातिभेदाचा. या वस्तीच्या सुसंस्कृतपणाचे गोडवे गाताना हा दुसरा जिना बहुधा विसरला जातो.

हे ब्लॉक विकत मिळत नसत, भाड्याने मिळत. भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घ्यावा, त्यावर इमारत बांधावी आणि भाड्यावर गुंतवणुकीचा मोबदला मिळवावा, हा घरमालकाचा हिशेब होता. स्वतःच्या मालकीच्या सदनिकेची कल्पना अगदीच अपरिचित होती असे नव्हे. गामदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्येच स्थापन झाली होती. परंतु सदनिकांच्या खासगी विक्रीचा व्यवहार युद्धोत्तर काळात इतका वाढला की त्याच्या नियमनासाठी १९६३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

युद्धामुळे शहरात लोकसंख्येची भर पडली, बांधकाम थंडावले आणि फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. अशा परिस्थितीत १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला व त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच 'प्रमाण भाडे' ठरविले. तत्कालीन भाडेकरूस बेघर होण्यापासून त्याने वाचविले, हे निर्विवाद आहे. पण तात्पुरती म्हणून योजलेली ही तरतूद मुदतवाढ मिळत मिळत टिकून राहिली. महागाई वाढली, भाडे जागच्या जागी राहिले, आणि मालकास दुरुस्तीत रस उरला नाही. शेवटी दुरुस्तीसाठी शासनाला १९६९ मध्ये मंडळ स्थापन करून अशा इमारतींवर उपकर बसवावा लागला. उपकरप्राप्त इमारतींच्या 'अ' वर्गाची सीमा पुन्हा तीच, १ सप्टेंबर १९४० पूर्वीचे बांधकाम.

भाडे गोठले तरी जागेची किंमत गोठली नाही. या दोहोंमधील अंतरातूनच पागडीचा व्यवहार वाढला. भाडेकरू आपला हक्क दुसऱ्याला देई, नवागत मोठी रक्कम मोजी, आणि मालक त्यातील हिस्सा घेऊन नव्या नावाने पावती फाडी. १९४७ च्या कायद्याने हा व्यवहार गुन्हा ठरविला होता. तरीही तो शहरभर चालू होता. म्हणजे कागदोपत्री जे घर कधीच विकले गेले नाही, ते प्रत्यक्षात अनेकदा विकले गेले. संशोधकाच्या दृष्टीने ही अडचण गंभीर आहे. विक्रीखतांवरून या वस्तीचा आर्थिक इतिहास लिहू पाहणाऱ्यास निम्मी हकीकतही हाती लागणार नाही. भाडेपावत्यांवरील नावांचा बदल हाच येथे खरा दस्तऐवज होय, आणि तो बहुतांशी खासगी पेट्यांत पडून आहे.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे मत दिले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने वार्षिक चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली व पागडीस कायद्याची मान्यताही दिली. परंतु तोवर मूळ प्रश्नाचे स्वरूपच पालटले होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासास वाढीव चटईक्षेत्राचे प्रोत्साहन दिले आणि भाडेकरूस नव्या इमारतीत मालकी हक्काची जागा देऊ केली. चाळीस-पन्नास रुपयांचे भाडे भरणाऱ्या कुटुंबास मालक होण्याचा तोच एकमेव सुलभ मार्ग राहिला; त्यासाठी आधी ती युद्धपूर्व इमारत, तिच्या गोल सज्ज्यासह आणि मागच्या जिन्यासह, पाडावी लागते.