निळ्या गोळ्यांचा इतिहास

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. चारच वर्षांनी माँट्रियलमध्ये त्यांनी १३ पैकी ११ सुवर्णपदके पटकावली. लोकसंख्या जेमतेम १ कोटी ७० लाख असलेल्या देशाने हे कसे साधले? कडक प्रशिक्षण हे एक कारण होतेच. दुसरे कारण एका छोट्या निळ्या गोळीत दडलेले होते.

ओरल-ट्युरिनाबोल हे तिचे नाव. येना येथील सरकारी औषध कारखान्यात ती बनत असे. टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या रेणूत थोडा फेरफार करून हे द्रव्य तयार केले होते. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन पोटात घेतले तर यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकते. फेरफार केलेला रेणू मात्र टिकतो; यकृताला त्याचा त्रास होतो तो त्यामुळेच. हा रेणू स्नायूंच्या पेशींत शिरून प्रथिनांची निर्मिती वाढवतो. मुलींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुळातच अत्यल्प असते. म्हणून त्यांच्यावर गोळीचा परिणाम मुलांपेक्षा अधिक दिसतो. आवाज घोगरा होणे, अंगावर केस वाढणे, पाळी बिघडणे हेही त्याच परिणामाचे भाग होत.

१९७४ मध्ये या उद्योगाला ‘राज्य योजना विषय १४.२५’ असे कोरडे सरकारी नाव मिळाले. सुमारे १० हजार खेळाडू त्यात ओढले गेले असा अंदाज आहे. त्यांत शाळकरी मुलेमुली पुष्कळ होती. रिका राइनिश १५ व्या वर्षी, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकांची मानकरी ठरली. प्रशिक्षकाने निळ्या गोळ्या दिल्या तेव्हा ती १४ वर्षांची होती. श्रमांतून शरीर लवकर सावरावे म्हणून त्या आहेत, असे तिला सांगण्यात आले होते. पुढे अंडाशयाच्या विकारामुळे तिला पोहणे सोडावे लागले.

मग चाचणीत कोणी सापडत कसे नव्हते? ड्रेस्डेनजवळ क्रायशा येथे उत्तेजके शोधणारी, आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली प्रयोगशाळा होती. परदेशी निघण्याआधी खेळाडूंची लघवी तेथे तपासली जाई. अंश आढळला तर ‘दुखापत’ झाल्याचे सांगून खेळाडूला घरीच ठेवत. चोर पकडण्यासाठी नेमलेला पहारेकरीच चोरांना वाट मोकळी असल्याचे सांगत होता!

भिंत पडल्यावर हाइडेलबर्गचे रेणवीय जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि त्यांच्या पत्नी, माजी थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेंडोंक यांनी बाड सारो येथील लष्करी वैद्यकीय संस्थेतून गुप्त कागद मिळवले. १९९१ मध्ये बेरेंडोंक यांचे पुस्तक निघाले. त्या कागदांत चक्क पीएच.डी.चे प्रबंध होते. आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना अस्वस्थ करते ते हेच. मात्रा, वेळापत्रक, कामगिरीतील वाढ, एवढेच नव्हे तर दुष्परिणामही पद्धतशीर नोंदलेले होते. निरीक्षणे चोख होती, तक्ते नीटनेटके होते. फक्त ज्या मुलींवर प्रयोग चालला होता त्यांना तो प्रयोग आहे हे ठाऊक नव्हते. संमतीवाचून केलेला प्रयोग कितीही काटेकोर असला, तरी त्याला विज्ञानाचे नाव देताना आमची जीभ अडखळते.

२००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना २२ महिन्यांची आणि क्रीडावैद्यक मानफ्रेड ह्योप्नर यांना १८ महिन्यांची शिक्षा दिली. दोन्ही शिक्षा स्थगित होत्या. तुरुंगात कोणी गेले नाही. २००२ मध्ये पीडितांना मदत देणारा कायदा झाला. पण घोगरा झालेला आवाज कायद्याने परत मिळत नाही.

संप्रेरकांचा धडा शिकवताना हा इतिहास वर्गात अवश्य सांगावा. आज गोळी सरकार देणार नाही; एखादा ओळखीचा माणूस ‘ताकदीची पावडर’ म्हणून देईल. त्या जर्मन मुलींनी गोळ्या निमूटपणे घेतल्या, कारण देणारा त्यांचा प्रशिक्षक होता, आणि मोठ्यांना प्रश्न विचारायचे नसतात असे त्या शिकल्या होत्या. ‘सर, यात काय आहे?’ असे विचारणारा विद्यार्थी आपल्याला उद्धट वाटतो का, हे आपण शिक्षकांनी आणि संशोधकांनी स्वतःला विचारून पाहावे.