'चंद्रा'च्या डोळ्यातलं कुसळ

"तुमची मुलगी परदेशात नेमकं काय करते?" असं कोणी विचारलं की माझी आई सांगते, "कॅमेरे बिघडवते." ते खोटं नाही. मृदू क्ष-किरण टिपणाऱ्या चिप मी प्रोटॉनच्या झोतात धरते, मुद्दाम खराब करते आणि मग त्यांना कितपत दिसतंय ते मोजते. हा उपद्व्याप कशासाठी, हे कळायला तुम्हाला १९९९ सालची एक गोष्ट ऐकावी लागेल.

२३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया अवकाशयानातून 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण निघाली. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. ऑगस्टमध्ये तिने कॅसिओपिया ए या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषांचं चित्र पाठवलं आणि सगळे हरखून गेले. तिच्या 'एसिस' या कॅमेऱ्यात दहा सीसीडी चिप होत्या. आठ नेहमीसारख्या बसवलेल्या, दोन उलट्या. हे 'उलट्या' लक्षात ठेवा.

सीसीडीचं काम सोपं आहे. गावात आग लागली की विहिरीपासून माणसांची रांग लागते आणि बादल्या हातोहात पुढे जातात, तसंच. क्ष-किरणाचा एक कण सिलिकॉनमध्ये शोषला गेला की इलेक्ट्रॉनांचा एक छोटा पुंजका तयार होतो. एक किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कणापासून साधारण २७० इलेक्ट्रॉन. हा पुंजका एकेका ओळीतून सरकत चिपच्या कडेला पोचतो आणि तिथे मोजला जातो. किती इलेक्ट्रॉन आले, यावरून त्या किरणाची ऊर्जा कळते. 'एसिस'च्या चिपमध्ये अशा १०२४ ओळी आहेत. प्रत्येक हस्तांतरात दहा हजारांतला एकच इलेक्ट्रॉन सांडला, असं धरा. हजार ओळींनंतर जवळजवळ दहावा हिस्सा गायब! मग ऊर्जेचा हिशेब कसा जुळणार?

सप्टेंबरमध्ये नेमकं हेच दिसलं. कॅमेऱ्यासोबत तपासणीसाठी एक किरणोत्सारी स्रोत पाठवलेला होता. त्याच्या मोजमापात कडेजवळच्या ओळी ठीक होत्या. जितकं दूर जावं तितकी ऊर्जा धूसर. आठही सरळ चिपची तीच तऱ्हा. उलट्या दोन मात्र ठणठणीत.

'चंद्रा'ची कक्षा लांबोडी आहे. सुमारे ६४ तासांच्या प्रत्येक फेरीत ती पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतून जाते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कॅमेऱ्याभोवती जाड कवच होतं. पण धोका भिंतीतून आलाच नाही, तो दारातून आला. क्ष-किरण आरशावर अगदी तिरपे घासत गेले तरच परावर्तित होतात. सुमारे १०० किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉनही त्याच आरशांवरून तसेच घसरत थेट चिपवर उतरत होते. इलेक्ट्रॉन बाजूला सारायला चुंबक होते. प्रोटॉन त्यांना दाद देईनात. एवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन सिलिकॉनमध्ये साधारण एक मायक्रॉन शिरून थांबतो आणि थांबता थांबता अणू जागचे हलवतो. सरळ चिपमध्ये इलेक्ट्रॉनांची वाट नेमकी तितक्याच खोलीवर असते. वाटेत खड्डे पडले. त्यांत इलेक्ट्रॉन अडकू लागले.

उलट्या चिप मागच्या बाजूने प्रकाश घेतात. त्या तशा बसवल्या होत्या वेगळ्याच कारणासाठी. मृदू क्ष-किरण इतके दुबळे असतात की चिपच्या पुढच्या बाजूच्या विद्युतरचनेतच बरेचसे जिरून जातात. मागून आले तर ही अडचण येत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची वाट प्रोटॉनपासून चाळीसेक मायक्रॉन आत राहिली आणि वाचली. जास्त किरण टिपण्यासाठी केलेली युक्ती ढाल ठरली.

उपाय साधाच निघाला. पट्ट्यांतून जाताना कॅमेरा आरशांच्या केंद्रावरून बाजूला सरकवायचा. त्यानंतर नुकसान अगदी संथ गतीने वाढलं. सांडलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब संगणकावर दुरुस्त करायच्या पद्धतीही आल्या. 'चंद्रा'ने पंचवीस वर्षं ओलांडली. १० डिसेंबर १९९९ ला निघालेल्या युरोपच्या 'एक्सएमएम-न्यूटन'पर्यंत हा धडा वेळेत पोचला होता. पट्ट्यांतून जाताना तिच्या कॅमेऱ्यांसमोर झाकण येतं.

या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंत जातो. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या 'ॲस्ट्रोसॅट'वरची मृदू क्ष-किरण दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिचा कॅमेरा लेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने झाला आणि आतली सीसीडी 'एक्सएमएम-न्यूटन'वरच्या चिपच्याच घराण्यातली आहे. लेस्टरमध्ये राहणाऱ्या वाचकांनो, तुमच्या शेजारची ही गोष्ट! 'ॲस्ट्रोसॅट' विषुववृत्तालगत, ६५० किलोमीटरवरून फिरते. तिथे प्रारणाचा मारा कमी.

आता आमचा ओढा सीमॉस चिपकडे आहे. त्यात प्रत्येक बिंदू आपला पुंजका जागीच मोजतो; बादल्यांची रांगच नाही, मग सांडणार काय? जानेवारी २०२४ मध्ये गेलेल्या चीनच्या 'आइनस्टाइन प्रोब'च्या विस्तृत दुर्बिणीत अशा ४८ चिप आहेत. अर्थात प्रारणाने यांच्यातही दोष वाढतात. अंधारातही त्या खोटे इलेक्ट्रॉन दाखवू लागतात.

म्हणून मी त्या जमिनीवरच बिघडवून बघते. वर गेल्यावर दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. आणि पुढचा प्रोटॉन कुठल्या दारातून येईल, हे १९९९ मध्ये भल्याभल्यांना सुचलं नव्हतं. आईला हे सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग नीट बिघडव हो."