एकलव्याचा गुण कोणता?

प्राथमिक शाळेत जोड्या लावण्याचा एक खेळ चालतो. डाव्या बाजूला महापुरुषांची नावे, उजव्या बाजूला त्यांचे गुण. शिवराय – शौर्य, गांधीजी – सत्य, सावित्रीबाई – सहनशीलता, बाबासाहेब – अभ्यासूपणा, एकलव्य – गुरुभक्ती. रेघ बरोबर ओढली की गुण मिळतात. महापुरुषाचा तो गुण आणि पेपरात मिळतो तोही गुणच. मराठीने दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला आहे आणि आपल्या शिक्षणव्यवस्थेने त्याचा पुरेपूर फायदा उचलला आहे.

आम्हाला आज त्या शेवटच्या जोडीबद्दल बोलायचे आहे. कारण नंदुरबार जिल्ह्यात ही जोडी साधी राहत नाही.

2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण 69 टक्क्यांहून जास्त आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांतली मुले धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या आश्रमशाळांत शिकतात. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर असताना नंदुरबार 64 टक्क्यांवर होता, महाराष्ट्रात सर्वांत खाली. आदिवासी मुलांसाठी केंद्र सरकारने 1997-98 पासून ज्या निवासी शाळा काढल्या, त्यांचे नाव आहे ‘एकलव्य आदर्श निवासी शाळा’. नंदुरबारमध्येही ती आहे. म्हणजे ज्या मुलाला शिक्षण नाकारले गेले आणि स्वतःच्या बळावर शिकल्याबद्दल ज्याचा अंगठा कापून घेतला गेला, त्याचे नाव शाळेच्या पाटीवर आहे. आणि त्या पाटीखालच्या वर्गात त्याचा गुण म्हणून काय शिकवायचे? गुरुभक्ती!

महाभारताच्या आदिपर्वातली कथा सगळ्यांना माहीत आहे, पण ती नीट वाचा. निषादाचा मुलगा म्हणून द्रोण त्याला शिष्य करून घेत नाही. एकलव्य मातीचा पुतळा उभा करून एकटा सराव करतो आणि अर्जुनाच्या पुढे जातो. अर्जुन तक्रार घेऊन द्रोणाकडे जातो, कारण तुझ्यापेक्षा श्रेष्ठ धनुर्धर कोणी होणार नाही असा शब्द द्रोणाने त्याला दिलेला असतो. मग ज्याने काहीही शिकवलेले नाही तो माणूस दक्षिणा मागतो, तीही उजव्या हाताचा अंगठा. या कथेत गुण-अवगुण शोधायचेच असतील तर आधी द्रोणाचे शोधायला हवेत. तिथे मात्र तक्ता गप्प बसतो. उलट क्रीडा प्रशिक्षकांना सरकार जो पुरस्कार देते तो 1985 पासून द्रोणाचार्यांच्याच नावाने दिला जातो.

कोणी म्हणेल, लहान मुलांना एवढे खोलात कशाला न्यायचे? मुलांना चांगल्या गोष्टी सांगाव्यात, चिकित्सा पुढे होईलच. या आक्षेपाला आम्ही उत्तर देत बसत नाही. एका शाळकरी मुलानेच ते देऊन ठेवले आहे.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 साली एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथ पहिल्यांदा छापला तेव्हा ती त्यात आली नाही. तिच्यात त्यांनी आपल्या लहानपणाचा एक प्रसंग सांगितला आहे. रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. भीमराव परीक्षा पास झाला म्हणून समाजाने कौतुकाची सभा भरवली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ते वाचून मुलगा अस्वस्थ झाला. त्याने वडिलांना विचारले, ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना सांगणारे हे ग्रंथ तुम्ही आम्हाला का वाचायला लावता? वडिलांनी आधी दटावले. पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येईल, म्हणून लहान माणसे किती उंच गेली ते पाहा. उदाहरणे त्यांनी दिली ती द्रोण, कर्ण आणि कोळी असलेल्या वाल्मिकीची.

रामजींचा हेतू चांगला होता. आजच्या तक्त्यामागेही अनेक शिक्षकांचा हेतू चांगलाच असतो. पण मुलाचे समाधान झाले नाही. त्याने वडिलांना सांगितले की महाभारतातली कोणतीही व्यक्ती आपल्याला आवडत नाही; भीष्म आणि द्रोण ढोंगी, बोलायचे एक आणि करायचे उलट; कृष्णाचा सगळा भर कपटावर; आणि रामाचे वालीशी, शूर्पणखेशी, सीतेशी वागणे तपासून पाहा. वडील गप्प राहिले.

ज्या द्रोणाला वडिलांनी आदर्श म्हणून पुढे केले, त्यालाच मुलाने नापास केले. कसे केले? त्याला कोणी गुणांची यादी दिली नव्हती. त्याने माणसाचे बोलणे आणि वागणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. शाळकरी वयातच पाहिले. तेव्हा ‘मुले लहान आहेत’ ही सबब निदान आंबेडकरी माणसाने तरी ऐकून घेऊ नये.

आता बाबासाहेबांच्या वाट्याला आलेली जोडी पाहू. अभ्यासूपणा. अठरा तास अभ्यास. 14 एप्रिल आला की आश्रमशाळेपासून महाविद्यालयापर्यंत आणि आपल्या चळवळीच्या मंचांवरही हेच ऐकू येते. अभ्यास करायलाच हवा, याबद्दल वाद नाही. पण या गुणामागून एक आश्वासन गुपचूप आत शिरते. भीमरावाने अभ्यास केला म्हणून तो मोठा झाला, तूही कर, जात आपोआप मागे पडेल. हे आश्वासन खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचा पुरावा खानदेशातच घडला आहे.

1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. ठक्कर बाप्पा आणि डॉ. सोळंकीही होते. त्या कामासाठी 1929 मध्ये बाबासाहेबांनी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही खानदेश जिल्ह्यांचा दौरा केला. आजचा नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होता. नंदुरबारच्या तरुणांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण ‘बाबासाहेबांनी आदिवासींसाठी काय केले’ असे विचारत फिरणारे लोक हल्ली गावोगाव दिसतात. मागासवर्गाची अस्पृश्य, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास अशी विभागणी, त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे, हे या समितीच्या 1930 च्या अहवालात आहे. आज वसतिगृहाच्या खोलीत बसून हे वाचणाऱ्याने त्या खोलीचा पाया कुठपर्यंत जातो ते पाहावे.

हा दौरा आटोपून बाबासाहेब धुळ्याच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावी सामाजिक बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करायला गेले. परतताना चाळीसगावला महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीपर्यंत न्यायला टांगा हवा. एकही टांगेवाला तयार होईना. साहेबांना पायी न्यायचे लोकांच्या मनाला पटेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. वस्तीतलाच एक जण लगाम धरून बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे सगळे लिहिले आहे, आणि त्यातून काय कळले तेही. टांगा हाकणारा गरीब हिंदूसुद्धा बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो.

तेव्हा त्यांच्याकडे लंडनची डी.एस्सी. होती, कोलंबियाची पीएच.डी. होती, बॅरिस्टरी होती, विधिमंडळाचे सदस्यत्व होते. अठरा तासांच्या अभ्यासाचे फळ पूर्ण पिकलेले होते. तरी टांगा मिळाला नाही. मुलांना ‘अभ्यासू’ हा शब्द शिकवताना चाळीसगावचा टांगाही शिकवला, तर त्यांना कळेल की या माणसाने अभ्यास कशासाठी वापरला. महाडचे पाणी 1927 चे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 चा, आणि हा टांगा बरोबर मधला.

आता सातपुड्याकडे येऊ.

नंदुरबारचे नाव पाठ्यपुस्तकात येते ते 1942 च्या लढ्यात. 9 सप्टेंबर 1942 रोजी शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा मारले गेले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. बंदुकीसमोर उभ्या राहिलेल्या या मुलांपुढे आम्ही मान झुकवतो. पण आडनावे वाचली की कळते, ही शहरातल्या व्यापारी-मध्यमवर्गीय घरांतली मुले. डोंगरातून येणारे मूल या धड्यात आपला गाव ओळखते. आपले घर त्याला तिथे सापडत नाही.

त्याच्या घराचा इतिहास नाही असे थोडेच आहे? सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक आधी इंग्रजांच्याच चाकरीत होता. एका माणसाच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा झाली, तुरुंगातून सुटला, 1857 मध्ये इंग्रजांनी त्याला पुन्हा कामावर घेतले आणि मग तोच उलटला. भीमा नाईकासह त्याने सरकारी खजिना लुटला. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीची लढाई झाली. त्यात पकडलेल्या भिल्लांना तिथल्या तिथे लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या आणि बायकांना कैद करून नेले. 1860 मध्ये खाज्या दग्याने मारला गेला. सरकारी कागदांत तो दरोडेखोर. आता कुठे गौरव होतो तेव्हा ‘शूर’. दोन्ही शब्द एकेकच. चाकरी, शिक्षा, माफी, बंड या सगळ्यातून गेलेला माणूस एका शब्दात बसवायचा कसा? मुलांना त्याच्याबद्दल विचारायचेच असेल तर असे विचारा: ज्यांनी परत नोकरी दिली त्यांच्याविरुद्ध तो का गेला असेल?

गुलाम महाराजांचे नाव तर जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला माहीत नाही. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या या भिल्ल माणसाने 1930 च्या दशकात आरतीच्या निमित्ताने हजारो आदिवासी एकत्र केले. दारू सोडा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते. सावकार, फौजदार, जंगलखात्याचा शिपाई ज्याला जन्मभर ‘अरे-तुरे’ करतो, तो माणूस आपल्याच माणसाला ‘आप’ म्हणू लागतो. 1938 मध्ये महाराज गेले, ‘आप की जय’ मात्र अजून ऐकू येते. तक्त्यात हे ‘व्यसनमुक्ती’ म्हणून बसवतील. ज्याने महाडला माणसांनी माणूस म्हणून पाणी पिण्याचा अर्थ समजून घेतला आहे, त्याला ‘आप’ समजावून सांगावे लागत नाही.

आणि शहाद्याचे अंबरसिंग महाराज. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते. भजनी मंडळांतून माणसे जोडली आणि त्याच माणसांना जमिनीचा प्रश्न विचारायला उभे केले. 1971 च्या मे महिन्यात पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या भुकेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी, हातातून गेलेल्या जमिनी, आणि पुढे बायकांनी मोर्चे काढून फोडलेली दारूची मडकी. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा 1974 चा कायदा महाराष्ट्रात आला, त्यामागे असे लढे होते. हा पन्नास वर्षांपूर्वीचा इतिहास आहे. तो पाहिलेली माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत.

हा इतिहास शाळेत येण्यात अडचण एकच आहे. खाज्या, गुलाम महाराज, अंबरसिंग यांचा गुण सांगायचा तर ते कोणाविरुद्ध उभे होते हे सांगावे लागते. शौर्य नुसते शिकवता येते. सावकार, जमीनदार आणि फौजदार यांचे नाव घेतल्याशिवाय अंबरसिंग शिकवता येत नाहीत. सावित्रीबाईंची ‘सहनशीलता’ही तशीच. शेण-चिखल त्यांनी सोसला हे सांगतात, फेकणारे हात कोणत्या वाड्यांतून आले हे सांगत नाहीत. फेकणारा गायब केला की सोसणारी बाई सद्गुणी होते आणि प्रश्न मिटतो. महात्मा फुल्यांनी 1869 मध्ये शिवरायांचा पवाडा लिहिला तो हाच घोळ ओळखून. गोब्राह्मणप्रतिपालक म्हणून रंगवलेल्या राजाला त्यांनी कुळवाडीभूषण म्हणून परत आणले. राजा तोच. त्याचे मोठेपण कशात, हे ठरवणारा माणूस बदलला.

म्हणून नंदुरबार, शहादा, तळोद्यात अभ्यासिका आणि बालवर्ग चालवणाऱ्या तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे की येत्या जयंतीला भाषणस्पर्धेचा विषय ‘बाबासाहेबांचे गुण’ असा देऊ नका. पाचवीच्या मुलाला एकलव्याची कथा सांगा आणि विचारा, यात चुकले कोण? सातवीच्या मुलीला चाळीसगावचा टांगा सांगा आणि विचारा, टांगेवाला का नाही म्हणाला? नववीच्या पोरांना वह्या देऊन आजी-आजोबांकडे पाठवा. 1971-72 मध्ये आपल्या गावात सालदारी किती होती, जमीन कोणाच्या नावावर गेली, परत आली का, ते त्यांच्याच बोलीत लिहून आणू द्या. भिलीत, पावरीत, जशी येईल तशी. शुद्धलेखनाला गुण कापू नका.

फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. कोणाचे गुण गाण्याचा विषय तिने घेतला नाही. आपल्या माणसांवर काय गुदरले आणि ते कोणी केले, हे तिने लिहिले. 1855 साली तो निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला.