वसुलीवाले दारात आले तर काय करायचं? आणि नादारीच्या अर्जाआधी कोणती तयारी लागते?

तालुका प्रतिनिधी

मागच्या आठवड्यात आमच्या गावातला एक शेतकरी प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. पिशवीत बँकेच्या नोटिसा, पतसंस्थेची पावती पुस्तकं, ट्रॅक्टरच्या फायनान्सचे कागद, बायकोच्या गटाच्या कर्जाचं कार्ड. अर्ध्या नोटिसा फोडलेल्याच नव्हत्या. मला म्हणाला, "भाऊ, कोर्टात दिवाळं काढता येतं म्हणतात. तेवढं केलं की फोन बंद होतील का?"

हा प्रश्न आता बऱ्याच घरांत आहे, पण कोणी उघड विचारत नाही. म्हणून जे माहीत आहे ते एका जागी लिहितोय. थोडक्यात उत्तर असं की नादारीचा कायदा आहे, पण तो शेवटचा दरवाजा आहे. त्याच्या आधी तीन-चार दरवाजे आहेत. आणि कोणत्याही दरवाजातून जायचं तर एकच गोष्ट लागते, ती म्हणजे खरा हिशेब. कर्ज फिटलं नाही हा गुन्हा नाही. लपवाछपवी मात्र गुन्हा ठरू शकते.

आधी भीती कमी करू

"उद्या पोलीस उचलून नेतील" ही वसुलीवाल्यांची नेहमीची धमकी. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. कोर्टाचा हुकूमनामा झाल्यावर दिवाणी कैदेची तरतूद आहे. पण ऐपत असूनही जो मुद्दाम देत नाही त्याच्यासाठी ती आहे. खरंच पैसे नसलेल्या माणसाला नुसतं कर्ज फिटलं नाही म्हणून कैदेत टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलंय. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईमाणसाला तर अटक करताच येत नाही.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा, तो म्हणजे चेक. कर्ज घेताना सही करून दिलेला चेक बाऊन्स झाला तर फौजदारी केस होते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची संधी असते. नंतर केस झाली आणि दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोस्टमनला "घेत नाही" म्हणून परत पाठवल्याने काही वाचत नाही, नोटीस मिळाली असंच कोर्ट धरतं. म्हणून नोटीस घ्या, फोडा, तारीख लिहून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

वसुलीवाल्यांना नियम आहेत

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली हे नियम पक्के केले आहेत:

- बँक किंवा फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही.
- गटाच्या म्हणजे मायक्रोफायनान्सच्या कर्जाला वेळ आणखी कमी आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. वसुली ठरलेल्या जागीच करायची. कर्जदार तिथे लागोपाठ दोन वेळा आला नाही तरच घरी यायचं.
- शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास यातलं काहीही चालत नाही.
- वसुलीवाल्याकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र पाहिजे. आल्यावर पहिलं तेच मागा, मोबाईलवर फोटो काढा.
- मोबाईल ॲपवरून कर्ज घेतलं असेल तर ॲपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो बघायचा अधिकार नाही. ओळखीच्या लोकांना फोन करून किंवा फोटो पाठवून बदनामी केली तर थेट सायबर हेल्पलाईन १९३० वर तक्रार करा.

गाडी किंवा ट्रॅक्टर तारण असेल तर कंपनीला तो ओढून न्यायचा हक्क करारात असतो, हे खरं. पण गुंड पाठवून, रस्त्यात अडवून जबरदस्तीने न्यायचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये यावर बँकांना चांगलंच सुनावलं होतं.

तक्रार कुठे करायची?

कर्ज कोणाचं, यावर ते ठरतं. इथेच बरेच जण चुकतात.

बँक किंवा मोठी फायनान्स कंपनी असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी नंबर १४४४८.

पतसंस्था किंवा विकास सोसायटी असेल तर तालुक्याचे सहकारी संस्थांचे सहायक निबंधक. पतसंस्थेची तक्रार रिझर्व्ह बँकेकडे चालत नाही. पतसंस्थेकडे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला असतो. त्यावरून त्यांचा वसुली अधिकारी जप्ती करू शकतो, म्हणून १०१ ची नोटीस आली की तारखेला हजर राहा आणि आपलं म्हणणं लेखी द्या.

खासगी सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ लागतो. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे. सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर मागच्या १५ वर्षांतली प्रकरणं जिल्हा उपनिबंधकांकडे नेता येतात. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो.

मारहाण, घरात घुसणं, जिवाची धमकी असेल तर कर्ज कोणाचंही असो, पोलीस ठाणं. फोन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ वहीत लिहा. नुसतं "लई त्रास देतात" म्हटल्यावर कोणी दखल घेत नाही, वही आणि रेकॉर्डिंग दाखवलं की घेतात.

माझी चूक तुम्ही करू नका

मी काही शहाणा म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी सोयाबीन पाण्यात गेलं आणि माझा ट्रॅक्टरचा हप्ता थकला. वसुलीवाले आले तेव्हा घाबरून मी न वाचता तीन कागदांवर सह्या केल्या. एकाला द्यायला दुसऱ्याकडून घेतलं, दुसऱ्याला द्यायला बायकोचे दागिने ठेवले. जामीनदार माझा चुलतभाऊ होता. त्याला मी काहीच सांगितलं नाही, त्याला नोटीस गेली तेव्हा कळलं. कर्ज पुढे फिटलं, पण तो अजून माझ्या दारात चहा घेत नाही.

म्हणून दोन गोष्टी. न वाचता सही करू नका. साधं बिनतारण कर्ज असेल तर वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. त्या मुदतीत "रक्कम मान्य आहे" अशी सही दिली की ही तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आणि जामीनदाराला पहिल्या दिवशी सांगा.

शेवटच्या दरवाजाआधीचे दरवाजे

पहिला, पुनर्गठन. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली असेल तर पीककर्जाची मुदत वाढवून हप्ते पाडून मागता येतात. त्यासाठी बँकेत लेखी अर्ज द्या.

दुसरा, एकरकमी तडजोड. खातं थकीत झाल्यावर बँका बऱ्याचदा व्याज सोडायला तयार होतात. पण तोंडी शब्दावर एक रुपयाही भरू नका. मंजुरीचं पत्र, भरल्याची पावती, बेबाकी दाखला आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवल्याचा फेरफार, चारही कागद हातात पडले म्हणजे मिटलं. सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड जातं, हेही माहीत असू द्या.

तिसरा, लोकअदालत. कोर्ट फी नाही. पण तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. म्हणून जमणार नाही असा हप्ता कबूल करू नका. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती बसते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नंबर १५१००.

नादारी म्हणजे नेमकं काय?

२०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला, त्याची बातमी सगळ्यांनी ऐकली. पण त्यातला सामान्य माणसाच्या नादारीचा भाग अजून लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना तेवढा तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. आपल्याला लागतो तो इंग्रजांच्या काळातला प्रांतिक नादारी कायदा, १९२०. अर्ज साधारणपणे जिल्हा न्यायालयात करायचा. कायदा इतका जुना की ५०० रुपयांचं कर्ज फेडता येत नसेल तरी अर्ज करता येतो.

अर्जात सगळी देणी, सगळे सावकार आणि बँका, सगळी मालमत्ता खरी लिहायची. कोर्ट देणेकऱ्यांना नोटीस काढतं, सुनावणी होते. कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि ती विकून सगळ्यांना वाटा दिला जातो. त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणाला नवा दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो. शेवटी मुक्ततेचा अर्ज करायचा. तो मंजूर झाला की राहिलेली बहुतेक देणी संपतात.

काय वाचतं? अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण, मंगळसूत्रासारखा धर्माने अंगावर ठेवायचा दागिना, शेतीची अवजारं, पोटापुरती जनावरं आणि बियाणं, आणि शेतकऱ्याचं राहतं घर. घर तारण दिलेलं असेल तर मात्र ते यात धरू नका.

काय वाचत नाही? जमीन. दोन एकरवाल्याने हे दहा वेळा वाचावं. बँकेला सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर हात टाकता येत नाही, पण नादारीत जमीन रिसीव्हरकडे जाते. तारण घेतलेल्या बँकेचा तारणावरचा हक्कही तसाच राहतो. सरकारी देणं, पोटगी आणि फसवणुकीने घेतलेलं कर्ज सुटत नाही. चेकची फौजदारी केस वेगळी चालते. आणि जामीनदार सुटत नाही. तुम्ही मोकळे होता, तो अडकून राहतो.

नादार माणसाला ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेचं सदस्य होता येत नाही. मुक्तता होईपर्यंत ५० रुपयांची उधारीसुद्धा आपण नादार आहोत हे सांगूनच घ्यावी लागते. न सांगता घेतली तर तो गुन्हा आहे. म्हणजे खताच्या दुकानातसुद्धा आधी सांगायचं.

म्हणून ज्याच्याकडे जमीन फार थोडी किंवा नाहीच, आणि बिनतारण देणी डोक्याच्या वर गेली आहेत, त्यालाच हा मार्ग परवडतो. जमीनवाल्याने आधी तडजोडीकडे बघावं.

तयारीची यादी

१. सगळ्या देण्यांची वही. कोणाचं, कधी घेतलं, मुद्दल किती, भरलं किती, तारण काय, जामीनदार कोण. हातउसने सुद्धा लिहा.
२. प्रत्येक खात्याचा उतारा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा.
३. सातबारा, आठ-अ, फेरफार, घराचा उतारा, वाहनांचे कागद, विमा, बँक पासबुक.
४. वर्षाचं उत्पन्न आणि घरखर्च. बाजार समितीच्या पट्ट्या जपून ठेवा.
५. आलेली प्रत्येक नोटीस, पाकिटासकट. कोरे चेक कोणाकोणाकडे आहेत त्याची यादी.

आणि दोन गोष्टी करायच्या नाहीत. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत जमीन बायकोच्या किंवा पोराच्या नावावर केली असेल तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं. अर्जाच्या तीन महिने आधी मेहुण्याचे तेवढे पैसे फेडून बाकीच्यांना ठेंगा दाखवला, तर तेही उलटवता येतं. मालमत्ता लपवली तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

पिशवीवाल्या शेतकऱ्यासोबत आम्ही तीन तास बसून वही केली. एकूण आकडा त्याला वाटत होता त्यापेक्षा कमी निघाला, कारण एकच कर्ज तो दोनदा मोजत होता. दिवाळं काढायचं आता त्याच्या डोक्यात नाही, येत्या लोकअदालतीला जाणार आहे. फोन अजून येतात, पण आता तो उचलतो आणि म्हणतो, "लेखी पाठवा."

घरात कोणी कर्जाच्या काळजीने गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. कर्जाचा हिशेब वहीत मांडता येतो, मार्गही निघतो. त्यासाठी माणूस पाहिजे.